मॅवीसची ओळ

अल्फ वेदरिल गेला त्या आठवड्यात रोलंड स्टोर आपल्या आयुष्यभराच्या कविता दुरुस्त करत बसला होता. लंडनच्या प्रकाशकांनी त्याच्या सगळ्या कवितांचं एक जाडजूड पुस्तक काढायचं ठरवलं होतं. म्हातारपणी असं पुस्तक निघणार म्हटल्यावर शहाणा माणूस काय करेल? कविता आहेत तशा पाठवून देईल आणि पुस्तक येईपर्यंत परसात बटाटे लावेल. रोलंडला ते जमणारं नव्हतं. त्याने लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि पंचविशीत लिहिलेलं सत्तरीत तपासायला घेतलं.

तपासता तपासता तो निर्दय झाला. तरुणपणी त्याला चंद्राचा फार सोस होता, ते सगळे चंद्र त्याने पुसून टाकले. प्रेमकवितांमधून आपल्या सोडून गेलेल्या बायकोला जवळजवळ हद्दपार केलं. जिथे जिथे शब्द जरा जास्त गोड वाटला, जिथे आपण वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायला बसलो होतो असा त्याला संशय आला, तिथे पेन्सिल चालली. खरं तेवढंच राहिलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. या हट्टापायीच त्याचं नाव झालं होतं, आणि या हट्टापायीच घर रिकामं झालं होतं, पण ते त्याला सांगणार कोण?

सगळ्यात शेवटी त्याने 'खिडकीतले दिवे' हातात घेतली. ती कविता त्याला नकोशीच झाली होती. सव्वीस वर्षांचा असताना लिहिलेली. त्या वर्षी नोव्हेंबरात उत्तरेकडून अचानक वादळ आलं आणि स्कार्थविक गावच्या तीन होड्या बाहेरच अडकल्या. दोन कशाबशा किनाऱ्याला लागल्या, तिसरी आलीच नाही. तिच्यावर अल्फचा धाकटा भाऊ कॉलिन होता, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं. मदतीची नाव बंदराच्या तोंडाशी गेली की लाटा तिला पुन्हा पुन्हा मागे फेकत. त्या रात्री कड्याच्या पोटाला चिकटलेल्या प्रत्येक घरात बायकांनी खिडकीत दिवा ठेवला, आणि तो दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तसाच ठेवला. रोलंड त्या वेळी गावातच होता, बापाच्या दुकानात दोर आणि ताडपत्र्या विकत. त्याने ते दिवे पाहिले आणि कविता लिहिली. तिचा शेवट असा होता:

*वारा दार वाजवतो, त्याला आत घेऊ नकोस,*
*चहा पुन्हा उकळ, खुर्ची विस्तवाजवळ ओढ,*
*आणि खिडकीतला दिवा राहू दे तसाच.*
*ते वाटेत आहेत.*

कविता आधी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आली, मग कुणीतरी ती सुरेख अक्षरात लिहून चॅपेलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, भिंतीवर लावली, आणि मग ती सगळीकडे गेली. रोलंडने पुढे कितीतरी चांगलं लिहिलं, विद्यापीठात शिकवलं, बक्षिसं घेतली. पण कुठल्याही गावात वाचायला उभा राहिला की मागच्या रांगेतून एखादी बाई हळूच म्हणायची, "ती दिव्यांची वाचा ना." त्याच्या कपाळावर आठी यायची. वाचायचा, पण औषध घेतल्यासारखी.

त्याला त्यात खुपत होती ती शेवटची ओळ. ते वाटेत नव्हते. दिवे लागण्याच्या आधीच ते बुडाले होते, हे बंदरावरच्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं, आणि त्यालाही. तरी त्याने तसं लिहिलं, कारण ऐकायला छान वाटत होतं. म्हणजे खोटं. म्हणून आता, एवढ्या वर्षांनी, त्याने लाल पेन्सिलीने शेवट बदलला:

*खिडकीतला दिवा मालव आता.*
*वाट रिकामी आहे.*

फोनवर ऐकवलं तेव्हा लंडनची संपादिका फिलिपा म्हणाली, "रोलंड, ही कविता आज कुठे पुरी झाली." तो दिवसभर खुशीत होता.

ही खुशी त्याने अल्फलाही सांगून पाहिली होती. दोघं एका बाकावर शिकलेले. रोलंड शहरात जाऊन मोठा झाला, अल्फ समुद्रावर जाऊन, पण नोकरी संपवून रोलंड गावी परतला आणि कड्यावरच्या जुन्या पहारेकऱ्याच्या घरात राहू लागला, तेव्हा शनिवारी दुपारी पबच्या त्याच कोपऱ्यात दोघं असे बसू लागले की मधली वर्षं कुणी मोजलीच नसावीत.

"काय चाललंय?" अल्फ विचारायचा. "लिहितोस का नुसताच खिडकीतून समुद्राला त्रास देतोस?"

"दुरुस्त करतोय. जुनं सगळं."

"मोडलं होतं का?"

"मोडलं नव्हतं. खोटं होतं."

"दिव्यांची पण?"

"तीच सगळ्यात जास्त."

अल्फने ग्लास खाली ठेवला. त्याचे हात दोरांनी कापून कापून झाडाच्या सालीसारखे झाले होते. "हे बघ, रॉली. बोटीला दरसाल रंग दे. फळ्या बदल, इंजिन बदल, नवं शीड चढव. पण नाव नाही बदलायचं. नाव बदललेल्या बोटीवर आमच्यातला कुणी पाय ठेवत नाही."

"कविता म्हणजे बोट नव्हे, अल्फ."

"नसेल बाबा. मला काय कळतंय." मग बराच वेळ तो खेकड्यांच्या भावाबद्दल आणि जावयाच्या आळशीपणाबद्दल बोलत राहिला. उठता उठता मात्र, कोट चढवताना, रोलंडकडे न बघता म्हणाला, "ते येत नव्हते हे मला माहीत होतं त्या रात्री. आई सोडून सगळ्यांना माहीत होतं."

माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. बोटीचं नाव रोलंडने पबमध्येच सोडलं आणि हे शेवटचं वाक्य तेवढं खिशात घालून घरी आणलं. अल्फनेच कबूल केलं, त्याला वाटलं. गावालाही आता खरं हवं आहे.

नंतर नाताळच्या आधी एका सकाळी अल्फ बंदराच्या उतरणीवर खेकड्यांच्या सापळ्यांची जाळी शिवत बसला होता, तो तिथेच एका कुशीवर कलंडला. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, सुई पडली असेल.

दुसऱ्या दिवशी अल्फची बायको मॅवीस चढण चढून रोलंडच्या दाराशी आली. ही बाई आयुष्यात कधी कुणाकडे काही मागायला गेली नव्हती. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं तर तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. स्वतःच्या लग्नात तिने 'हो' इतकं हळू म्हटलं होतं की पाद्र्याने पुन्हा विचारलं, आणि अल्फ ती गोष्ट सगळ्यांना सांगून हसायचा. रोलंडने खुर्ची दिली, ती टोकावर बसली.

"अल्फने सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "दिव्यांची कविता रॉलीनेच वाचायची."

"चॅपेलमध्ये?"

"मग काय, पबमध्ये?"

दोघंही जरा हसले, आणि मग मॅवीसचा चेहरा पुन्हा मावळला. रोलंड चॅपेलमध्ये जात नसे हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्याचा देवाबिवावर विश्वास नव्हता, आणि नसलेल्या विश्वासाबाबत तो फार काटेकोर होता. गावात कुणी गेलं की तो भिंतीबाहेर टोपी काढून उभा राहायचा आणि मग सभागृहात मयतानंतरच्या चहाला आणि हॅमला, म्हणजे खारवलेल्या मांसाला, सगळ्यांच्या बरोबर आत यायचा. गावात चेष्टा होती की रोलंड स्टोरला मेलेल्याचं दुःख हॅमपासून सुरू होतं.

"वाचेन," तो म्हणाला. "अल्फसाठी वाचेन."

"घाई नको करूस हं. शेवटी जरा थांबशील ना?"

रोलंडला मनातून गंमत वाटली. सगळा जन्म लोकांना कविता कशी वाचावी हे शिकवण्यात गेला, आणि आता मॅवीस वेदरिल सांगते शेवटी थांब म्हणून. पण गोड वाटलं त्याला. "थांबेन की," तो म्हणाला. "चांगला थांबेन."

"मग झालं," मॅवीस म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला हे स्पष्ट दिसलं. जाताना दारात पुन्हा वळली, काहीतरी विचारावंसं तिला वाटत होतं. पण ज्याने लिहिली त्यालाच काय सांगायचं, असं तिच्या मनात आलं असावं. ती तशीच उतरून गेली.

मयताच्या आदल्या दिवशी दुपारी रोलंडने दोन्ही शेवट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. जुना वाचून पाहिला, नवा वाचून पाहिला. नव्यात एक ताठपणा होता, थंड पाण्यात पाय टाकल्यासारखा. जुना वाचताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. अल्फच्या शवपेटीशेजारी उभं राहून खोटं बोलायचं? ज्याने आपल्या तोंडाने सांगितलं की ते येत नव्हते, त्याच्यासमोर? नवा कागद त्याने घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आपण फार धैर्याचं काम करतोय असं त्याला वाटलं, हे सांगायला हवं. त्या दुपारी रोलंड स्टोर स्वतःवर अगदी प्रसन्न होता.

चॅपेल गच्च भरलं होतं. ओल्या लोकरीचा आणि पॉलिशचा वास. शवपेटीवर फुलांच्या शेजारी अल्फची निळी विणलेली जर्सी घडी करून ठेवली होती, कोपरावर मॅवीसने कितीदा तरी सांधलेली. पहिल्या बाकावर मॅवीस आणि तिची मुलगी जिलियन. ऑर्गनवर विनी हार्लंड, जी गावातल्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक मयताला वाजवत आली होती आणि दोन्हीकडे तीच गाणी वाजवते असं लोक म्हणत.

रोलंड उभा राहिला. आवाज त्याचा अजून चांगला होता. पहिल्या ओळीबरोबर त्याला समोर काहीतरी हलताना दिसलं. लोकांचे ओठ. म्हातारे कोळी, त्यांच्या सुना, मागे उभी असलेली मंडळी, सगळे त्याच्याबरोबर बिनआवाजी म्हणत होते. जगात किती कवींच्या नशिबी हे येतं?

मधल्या कडव्यात त्याने दोन विशेषणं गाळली होती, तिथे ओठ अडखळले. पायरी चुकून पाय हवेत पडावा तसे. रोलंड जरा वैतागला. पण पुढे गेला.

शेवट जवळ आला तेव्हा मॅवीस उभी राहिली.

बाकाला धरून, सरळ. मानेवर लाल चट्टे. दुसरं कुणी उभं नव्हतं. दुःख असह्य झालं म्हणून उठली, असं रोलंडला वाटलं. त्याने ठरवलं, ही ओळ हिच्याकडे बघूनच वाचायची. हिला उद्देशूनच तर आहे.

"चहा पुन्हा उकळ, खुर्ची विस्तवाजवळ ओढ," तो म्हणाला, "आणि खिडकीतला दिवा मालव आता."

आणि कबूल केल्याप्रमाणे थांबला.

मॅवीसच्या चेहऱ्यावर एक गोंधळ पसरला. अंधारात ओळखीच्या दाराची कडी हाताला न लागल्यासारखा. तिने ओठ उघडले. "ते—" एवढा एकच आवाज आला, तोही पहिल्या दोन बाकांनाच ऐकू गेला असेल.

"वाट रिकामी आहे," रोलंडने स्वच्छ, भरदार आवाजात वाचलं.

मॅवीस तशीच उभी राहिली. मग जिलियनने तिचा कोट हळूच ओढला आणि ती बसली. विनी हार्लंडने ऑर्गनवर हात ठेवायला जरा उशीर केला.

सभागृहात चहा, हॅम, मनुकांचा केक. रोलंडच्या पाठीवर लोकांनी थाप मारली. "छान वाचलंस, रोलंड." "आवाज अजून खणखणीत आहे हं तुझा." प्रत्येक जण दोन शब्द बोलत होता आणि मग कपबशी घेऊन दुसरीकडे सरकत होता. त्याच्याभोवती एक रिकामी जागा तयार झाली. मॅवीस चहाच्या टेबलापाशी लोकांना साखर विचारत होती. स्वतःच्या नवऱ्याच्या मयताला.

शेवटी विनी हार्लंडच त्याच्यापाशी आली. तिने कोणाला कधी सोडलं नव्हतं.

"तर मग," ती म्हणाली, "ती कविता आता तुझ्या मालकीची झाली म्हणायची."

"म्हणजे?"

विनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या तोंडावरचा फणकारा उतरला. "अरे देवा. तुला खरंच माहीत नाही."

"काय माहीत नाही, विनी?"

"शेवटची ओळ वाचणारा वाचत नाही, रोलंड. घरची बाई म्हणते. कॉलिन आणि त्या दोघांच्या प्रार्थनेला म्हातारा हर्बर्ट कविता वाचत होता, शेवटाला आला आणि त्याचा गळाच दाटला. पुढे शब्द फुटेना. तेव्हा अल्फची आई बाकावरून उठली आणि म्हणाली, ते वाटेत आहेत. तेव्हापासून दर मयताला तसंच. वाचणारा थांबतो, बायको नाहीतर आई उठते, म्हणते. बास. या गावात बाईला चॅपेलमध्ये बोलायला मिळतं ते तेवढंच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू लिहिलीस ना! तुला कोण सांगणार? आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे. तू बाहेर भिंतीशी उभा असायचास, आम्हाला वाटायचं तुला तिथूनही ऐकू येतं." विनीने त्याचा थंड झालेला कप काढून घेतला. "मॅवीस आठवडाभर भांडी घासताना तेच म्हणत होती. मी मागच्या दाराने ऐकलंय. तीन शब्द, पण पाठ करत होती बिचारी. चुकेल म्हणून घाबरली होती."

रोलंडला त्यानंतर हॅम गिळवला नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात ती जागा पुन्हा पुन्हा पाहत राहिला. बाकाला धरलेला हात. उघडलेले ओठ. आपण तिच्या डोळ्यांत बघून, चांगलं थांबून, तिच्या तोंडातला घास काढून घेतला. उद्या सकाळी फिलिपाला फोन करता येईल. जुनी ओळ पुस्तकात परत बसवता येईल, छापायला अजून अवकाश आहे. हे सगळं मनात आलं आणि आलं तसंच निरुपयोगी वाटलं. पुस्तकातली ओळ केव्हाही परत येईल. अल्फचं मयत पुन्हा होणार नव्हतं.

डिसेंबरात तिकडे साडेतीन-चारलाच अंधारतं. सभागृह रिकामं झालं तेव्हा रोलंड घरी जायला निघाला, पण वर चढायच्या ऐवजी पाय खालच्या गल्लीकडे वळले. गल्लीत दोन्ही बाजूंनी खिडक्यांत दिवे लागले होते. तेलाचे जुने दिवे, काही नुसत्या मेणबत्त्या. कुणी गेलं की त्या संध्याकाळी स्कार्थविकमध्ये असे दिवे ठेवतात, हे त्याने पाहिलं होतं. पण कड्यावरून. त्या वादळानंतर एवढ्या जवळून कधी नाही.

वेदरिलांची खिडकी तेवढी काळी होती.

त्याने दार वाजवलं. मॅवीसने काळ्या कपड्यांवर स्वयंपाकाचा ॲप्रन बांधला होता. "ये," ती म्हणाली. "जिलियन पोरांना घेऊन जरा पडलीय. हॅम खूप उरलाय बघ."

स्वयंपाकघरात, सिंकशेजारी, पितळी दिवा होता. अल्फच्या आईचा. त्यातलं तेल ओतून टाकलेलं, काच पुसलेली, आणि खाली वर्तमानपत्राचा कागद पसरलेला, गुंडाळायला.

"मॅवीस, दिवा?"

"मालवला," ती म्हणाली. रागाने नव्हे. ती साधं सांगत होती. "तू म्हणालास ना."

रोलंड खुर्चीवर बसला. कोट काढायचंही त्याला सुचलं नाही. "ते पुस्तकासाठी बदललं होतं मी. मला ठाऊक नव्हतं, आत्ता विनीने सांगितलं. माझं चुकलं. जुनी ओळच राहू दे. तीच बरोबर आहे."

"मग आज बदललीस कशाला?"

याचं उत्तर त्याने महिनाभर घोटलं होतं, फिलिपाला दिलं होतं, अल्फला दिलं होतं. आता त्याने फक्त आतल्या खिशातला कागद चाचपला.

"मी रागावले नाही, रॉली," मॅवीस म्हणाली. तिने दिव्याची वात चिमटीत धरून सरळ केली, उगाचच. "सासूबाई म्हणायच्या, स्टोरांचा मुलगा उगाच लिहिणार नाही. एवढा शिकलेला, त्याला काहीतरी ठाऊक असेल. मरेपर्यंत त्या एका ओळीवर काढलं त्यांनी. मी पण तेच धरून चालले होते. आता तूच सांगतोस वाट रिकामी आहे, तर असेल. मला काय कळतंय?"

"मला काही ठाऊक नाही, मॅवीस. तेव्हाही नव्हतं."

तिचा हात थांबला. "तेव्हाही नव्हतं?"

"नाही."

"मग लिहिलंस कसं?"

रोलंडने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घरातला दिवा काचेत थरथरत होता. "तुमच्या खिडक्यांत दिवे होते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. म्हणून लिहिलं."

मॅवीसने वात सोडली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला, हसू येता येता राहिलं. "म्हणजे आम्ही तुझ्यावर भरवसा टाकून बसलो," ती म्हणाली, "आणि तू आमच्यावर."

चुलीवर किटली कुरकुरत होती. रोलंडला जे सुचलं ते मूर्खपणाचं होतं, त्याचं त्यालाही कळत होतं, पण दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे. तो उभा राहिला. "मी म्हणतो," तो म्हणाला. "शेवटचं कडवं. जुनं. मी थांबतो, मग तू म्हण."

त्याने सुरुवात केली. आवाज सकाळसारखा नव्हता. वारा दार वाजवतो. चहा पुन्हा उकळ. "आणि खिडकीतला दिवा राहू दे तसाच," तो म्हणाला, आणि थांबला.

मॅवीसने ॲप्रनला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. किटलीचं झाकण उडू लागलं तेव्हा तिने ती खाली उतरवली.

"सकाळी अल्फ होता तिथे," ती म्हणाली. "आता कुणाला सांगू?"

मग तिने हॅमचे चार जाड तुकडे कापले, दिव्यासाठी पसरलेला तोच कागद उचलून त्यात बांधले आणि पुडकं त्याच्या हातात दिलं. "घेऊन जा. तुला आवडतो. दुपारी काही खाल्लं नाहीस, मी बघितलं." दारापर्यंत आली, त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, अल्फचं लावत असेल तसं. "आणि वाचायला छानच वाचतोस तू. अल्फ नेहमी म्हणायचा."

दार बंद झालं. रोलंड गल्लीतून वर चालू लागला, दोन्ही बाजूंच्या उजेडातून. चढणीच्या वळणावर, जिथून सगळं गाव दिसतं, तिथे तो थांबला आणि मागे वळून पाहू लागला. दिवा अजून तिथेच सिंकशेजारी असेल. तेल घालायला कितीसा वेळ लागतो? त्या एका काळ्या खिडकीवरून त्याने नजर काढली नाही. आता लागेल, आता लागेल, असं म्हणत तो बराच वेळ उभा होता. मग थंडी सोसवेना, तेव्हा पुडकं छातीशी धरून तो घराकडे निघाला.